चांदण्यातला किनारा आणि प्रतीकाचा प्रश्न

उज्जयिनीच्या उत्तरेस, शिप्रेच्या काठी भैरवगढ वसले आहे. कालभैरवाचे देऊळ, सिद्धवटाचा घाट, कारागृह आणि छिपांची कापड छापण्याची घरे, एवढ्यांसाठीच ते लोकांस ठाऊक आहे. चित्रकलेच्या चर्चेत, त्यातही युरोपातील प्रतीकवादी चित्रकलेच्या चर्चेत, त्याचे नाव यावे असे वरवर पाहता काहीच कारण नाही. तथापि प्रस्तुत लेखाचा विषय आम्हांस तेथेच सुचला, आणि तो का सुचला हे सांगितल्यावाचून पुढील विवेचनास धरबंध राहणार नाही.

शरदातील एका पौर्णिमेस आम्ही सिद्धवटाच्या पायऱ्यांवर बसलो होतो. पिंडदानाची गर्दी केव्हाच ओसरली होती. नदीस प्रवाह असा नव्हताच. (२०१४ पासून शिप्रेत नर्मदेचे पाणी आणून सोडावे लागते, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना या स्तब्धतेचे नवल वाटणार नाही.) त्या स्थिर पाण्यात चंद्राचे प्रतिबिंब वाटोळेच्या वाटोळे पडले होते. आमच्यासमवेत एक अध्यापक स्नेही होते. पाण्याकडे बराच वेळ पाहून ते म्हणाले, "वर्गात मुले विचारतात, हा चंद्र कशाचे प्रतीक आहे? आणि मी उत्तर देतो. उत्तर दिल्यावर कविता संपते."

त्यांच्या या शेवटच्या वाक्यातच मराठी समीक्षेची एक जुनी दुखणाईत जागा उघडी पडली आहे. बालकवींच्या 'औदुंबर' या आठ ओळींच्या कवितेवर आपल्याकडे जितकी शाई खर्ची पडली तितकी क्वचितच दुसऱ्या एखाद्या लहान कवितेवर पडली असेल. त्या पाण्याकाठच्या झाडात कोणास विरक्ती दिसली, कोणास औदासीन्य, कोणास मृत्यूचे सावट. प्रत्येकाने झाडाच्या जागी एक भाववाचक नाम ठेवले आणि आपले काम झाले असे मानले. प्रश्न मात्र एकच राहिला. ते नामच कवीला अभिप्रेत असते, तर झाड कशासाठी?

या प्रश्नाचे उत्तर कवितेत शोधण्यापेक्षा चित्रात शोधणे अधिक सोयीचे आहे असे आम्हांस वाटते. शब्द हा मुळातच अर्थाला बांधलेला असल्याने कवितेतील चंद्राकडे पाहताना आपण फार लवकर अर्थाकडे धावतो. चित्रातील चंद्र हा आधी पिवळ्या रंगाचा एक ठिपका असतो. त्यातही ज्या चित्रकारांनी चांदण्यातला समुद्रकिनारा हाच आपला विषय मानला, त्यांच्या चित्रांपाशी थांबले म्हणजे प्रतीक म्हणजे काय आणि काय नव्हे, हे पुष्कळसे स्पष्ट होते.

आरंभ घरापासूनच करू. चंद्र आणि समुद्र यांची जोडी आपल्या परंपरेस नवी नाही. 'कुमारसंभवा'च्या तिसऱ्या सर्गात पार्वतीस पाहून शंकराचे धैर्य किंचित ढळते, आणि ते कसे ढळले हे सांगण्यासाठी कालिदास चंद्रोदयाच्या आरंभीच्या सागराकडे वळतो. या उपमेतील खरा चमत्कार 'आरंभ' या कल्पनेत आहे. पूर्ण चंद्राने उसळलेला सागर नव्हे, तर जेमतेम हलू लागलेला सागर. महाकालाच्या नगरीचे एवढ्या प्रेमाने वर्णन करणाऱ्या कवीने महाकालाच्याच चित्ताची चलबिचल अशी समुद्राच्या मापाने मोजावी, याचे आम्हांस नेहमीच कौतुक वाटत आले आहे.

परंतु येथे लक्षात घ्यायचे ते हे की, सागर आहे तो शंकरासाठी. शंकर उपमेय, सागर उपमान. उपमेय समोर उभे आहे आणि उपमान त्याच्या सेवेस आले आहे. रसशास्त्रातही चंद्राचे स्थान असेच आहे. तो उद्दीपन विभाव आहे. नायक आणि नायिका हे आलंबन; चंद्रोदय, मलयानिल, कोकिळेचा स्वर ही सारी त्यांच्या भावास चेतवणारी सामग्री. पात्रे काढून घेतली तर उद्दीपनाला उद्दीपित करण्याजोगे काही उरतच नाही.

राजा रविवर्म्याचे चांदण्यात बसलेल्या स्त्रीचे १८८९ चे चित्र पाहावे. त्या चित्रात चांदणे मोठ्या कौशल्याने रंगविले आहे यात संशय नाही. तैलरंगात रात्र उतरविणे ही त्या काळी आपल्याकडे सोपी गोष्ट नव्हती. पण ते चांदणे त्या स्त्रीचे आहे. तिच्या वस्त्राला, तिच्या वाट पाहण्याला ते उजळते. तिला उठवून नेले तर मागे एक सुबकसा देखावा उरेल, आणि देखाव्यावर रविवर्म्याची प्रतिभा कधीच फारशी रमली नाही. पुढे मुद्रणालयांतून निघालेल्या राधाकृष्णांच्या असंख्य तसबिरींत आणि दिनदर्शिकांवरच्या चित्रांत चंद्र याच नात्याने आला. तो वर टांगलेला असे, आणि खाली कोणीतरी कोणाची तरी वाट पाहत असे.

आता युरोपकडे वळू. ज्याँ मोरेआस याने प्रतीकवादाचा जाहीरनामा पॅरिसच्या 'ल फिगारो' या वृत्तपत्रात १८ सप्टेंबर १८८६ रोजी छापला, तो कवितेसंबंधी होता. चित्रकलेच्या बाबतीत ते काम आल्बेर ओरिए या तरुण समीक्षकाने १८९१ मध्ये गोगँवरील निबंधात केले. या दोन घटनांच्या दरम्यान आणि नंतरच्या वीसेक वर्षांत उत्तर युरोपच्या किनाऱ्यांवर जी चित्रे झाली त्यांचे जाहीरनाम्यांशी नाते तसे सैलच होते. जाहीरनामे पॅरिसमध्ये निघाले. चंद्र उगवला तो नॉर्वेच्या फ्योर्डवर आणि बेल्जियमच्या ओस्टेंडला.

त्या आधी एका चित्राचा उल्लेख करणे भाग आहे. आर्नोल्ड ब्योक्लिन या स्विस चित्रकाराचे 'मृतांचे बेट'. १८८० ते १८८६ या काळात त्याने त्याच्या पाच आवृत्त्या रंगविल्या. काळे पाणी, त्यातून वर आलेले खडक, मध्यभागी सायप्रसची गर्द झाडे, आणि बेटाकडे जाणारी एक होडी. होडीत पांढऱ्या वस्त्रातील एक उभी आकृती आणि तिच्यापुढे शवपेटिका. प्रकाश चंद्राचा की मावळतीचा हे नीटसे सांगता येत नाही, आणि न सांगता येणे हेच चित्रास उपकारक झाले आहे. मारी बेर्ना या विधवेने आपल्यासाठीही असे एक चित्र मागितले होते, ज्यापुढे बसून स्वप्नात हरवून जाता यावे असे. 'मृतांचे बेट' हे नाव मात्र ब्योक्लिनने दिलेले नव्हे. ते १८८३ मध्ये फ्रिट्स गुर्लिट या चित्रविक्रेत्याने दिले. या नावाने चित्राचे फार मोठे नुकसान केले असे आमचे मत आहे. नाव वाचले की प्रेक्षक कोडे सोडवू लागतो. होडी म्हणजे वैतरणी, नावाडी म्हणजे यमदूत, झाडे म्हणजे स्मशान. रशियन संगीतकार राखमानिनॉव्ह याने या चित्रावरून १९०९ मध्ये एक प्रसिद्ध रचना केली, पण त्याने आधी पाहिली होती ती चित्राची काळीपांढरी प्रतिकृती. मूळ रंगीत चित्र नंतर पाहिले तेव्हा ते त्याला तितकेसे भावले नाही, असे सांगतात. आपल्यापैकी अनेकांनी पाश्चात्त्य चित्रे प्रथम पुस्तकांच्या काळ्यापांढऱ्या पानांवरच पाहिली असल्याने या हकिकतीत आम्हांस आपलेपणा वाटतो. परंतु चित्राची शवपेटिका काढून घेऊन ते अधिक चांगले झाले असते काय, हा प्रश्न आम्ही स्वतःस अनेकदा विचारला आहे, आणि उत्तर प्रत्येक वेळी 'होय' असेच आले आहे.

तो प्रयोग ब्योक्लिनने केला नाही. एडव्हर्ड मुंकने केला.

ओस्लोच्या फ्योर्डवर ऑस्गोर्डस्ट्रांड नावाचे एक लहानसे गाव आहे. मुंक तेथे उन्हाळ्यात राही. १८९७ मध्ये त्याने तेथे एक घरही विकत घेतले. त्या गावचा वळत जाणारा किनारा त्याच्या चित्रांतून पुन्हा पुन्हा येतो. १८९३ चे 'स्वर' नावाचे चित्र घ्या. पाइनच्या सरळ खोडांमध्ये पांढऱ्या वस्त्रातील एक तरुणी हात पाठीशी घेऊन उभी आहे. मागे पाणी, पाण्यावर होडी, आणि पाण्यात उभा राहिलेला चंद्राचा पिवळा स्तंभ. तरुणी उभी, खोडे उभी, स्तंभ उभा. चित्रातील साऱ्या उभ्या वस्तू एकाच स्वराने बोलतात. आडवा आहे तो केवळ किनारा. तरुणीच्या मनात जे चालले आहे तेच झाडांत आणि पाण्यात चालले आहे, असे येथे म्हणता येते. म्हणजे येथवर आपण कालिदासाच्या जवळच आहोत. उपमेय समोर आहे, उपमान मागे आहे, आणि दोहोंमधील साधर्म्य रेषांनी सांगितले आहे.

यानंतर दोन वर्षांनी, १८९५ मध्ये, मुंकने 'चांदणे' या नावाचे चित्र रंगविले. किनारा तोच, खोडे तीच, पाण्यावरचा स्तंभही तोच. तरुणी नाही. होडी नाही. कोणीही नाही. आणि तरीही ते चित्र रिकामे वाटत नाही. पहिल्या चित्रात तरुणीच्या अंगी जी ताणलेली प्रतीक्षा होती, ती आता खोडांमध्ये, दगडांमध्ये, पाण्यात शिरून बसली आहे. उपमेय नाहीसे झाले नाही, गिळले गेले. या दोन चित्रांमध्ये जे घडले तेच, आमच्या मते, प्रतीकाच्या जन्माचे सर्वांत स्वच्छ उदाहरण आहे. एवढ्या थोड्या अवधीत, एकाच हाताने, एकाच किनाऱ्यावर घडल्यामुळे ते सिद्धांतासारखे तपासून पाहता येते.

त्या स्तंभाविषयी आणखी थोडे. कोकणच्या किनाऱ्यावर ज्यांनी पौर्णिमा पाहिली आहे त्यांना समुद्रावरची चांदण्याची वाट परिचित असेल. ती वाट लाटांमुळे लांबते. पाणी आरशासारखे स्थिर असेल तर चंद्राचे प्रतिबिंब वाटोळेच दिसेल, जसे त्या रात्री शिप्रेत दिसले. असंख्य लहान लाटांच्या उतारांवरून प्रकाश परतून येतो म्हणून बिंबाची रेघ होते, आणि तीही तुटकी, लखलखणारी, सतत हलणारी. मुंकचा स्तंभ मात्र अखंड आहे. त्याच्या कडा साफ आहेत. त्याची लांबी हलत्या पाण्याची आहे आणि त्याची शांती स्थिर पाण्याची. निसर्गात या दोन गोष्टी एकत्र सापडत नाहीत. म्हणजे जे मुळातच थरथरणारे आहे ते त्याने गोठवून धरले आहे. चित्राकडे पाहताना आपला श्वास किंचित अडतो तो का, याचे कारण आम्हांस या विसंगतीत सापडते. 'गूढ', 'धूसर', 'स्वप्नमय' या विशेषणांत नाही. आमच्या समीक्षेने ही तीन विशेषणे काही वर्षे वापरायची नाहीत असे ठरविले तर पुष्कळ काम होईल.

आता येथे एक शास्त्रीय आक्षेप येणार, आणि तो योग्यच आहे. उपमेय गिळून उपमानच तेवढे ठेवणे ही गोष्ट आपल्या अलंकारशास्त्रास अपरिचित नाही. मम्मटाने अतिशयोक्तीच्या पहिल्याच प्रकारात तिचे लक्षण केले आहे. पुढील आलंकारिक तिला रूपकातिशयोक्ती म्हणतात. मुखाचे नाव न घेता नुसते 'चंद्र' म्हटले, की उपमेय निगीर्ण झाले. मग प्रतीक म्हणजे रूपकातिशयोक्तीच नव्हे काय?

आमचे उत्तर असे की, आरंभ तोच आहे, शेवट तो नाही. रूपकातिशयोक्तीत गिळलेले उपमेय परत मिळवता येते. किंबहुना ते मिळविण्यातच रसिकाचा आनंद असतो. 'चंद्र' म्हटले, 'मुख' ओळखले, कोडे सुटले. म्हणूनच तो अलंकार आहे. १८९५ च्या चित्रातून मात्र ती तरुणी तुम्हांस परत मिळविता येत नाही. 'स्वर' हे चित्र ज्याने पाहिलेले नाही त्याला तेथे कोणी स्त्री उभी होती हे कळण्याचा मार्गच नाही, आणि तरी त्याच्यावर होणारा परिणाम उणावत नाही. उपमेय पचून गेले आहे. अलंकारात ते पोटात असते, प्रतीकात ते रक्तात असते. ज्यांना हे वाक्य फार चटकदार वाटेल त्यांनी ते सोडून द्यावे; मागचा मुद्दा त्यावाचूनही उभा राहतो.

दुसरा आक्षेप ध्वनिवाद्यांचा. आनंदवर्धनाने नवव्या शतकातच रस हा कधीही वाच्य नसतो, तो ध्वनितच होतो असे सांगितले. मग यात नवीन ते काय? नवीन एवढेच की, आपल्या शास्त्रात ध्वनित होणाऱ्या भावाचे नाव आधीपासून ठरलेले असते. रती, शोक, भय, निर्वेद. मार्ग व्यंजनेचा असला तरी मुक्कामाचे गाव नकाशावर असते. मुंकच्या किनाऱ्यावर जे जाणवते ते शोक नव्हे, भय नव्हे, रतीही नव्हे. त्यात या तिघांचाही अंश आहे आणि त्यांच्या बेरजेने ते होत नाही. मर्ढेकरांनी 'भावनानिष्ठ समतानता' ही संज्ञा आपल्याला दिली. दोन भिन्न अनुभव भावनेच्या पातळीवर सारखे जाणवणे, हा तिचा ढोबळ आशय. ती उपमेस आणि प्रतिमेस उत्तम लागू पडते, परंतु तिला दोन पदे लागतात. एकच पद शिल्लक असताना समतानता कोणाची कोणाशी? मर्ढेकरांच्या विवेचनाचा आम्ही आदर करतो; पण येथे त्यांची संज्ञा आम्हांस अपुरी पडते हे सांगितले पाहिजे.

लेऑन स्पिलियार्ट (१८८१–१९४६) हा मुंकपेक्षा वयाने लहान आणि आपल्याकडे फारच कमी परिचित. ओस्टेंडला जन्मलेल्या या चित्रकारास पोटाच्या विकारामुळे झोप येत नसे, आणि तो रात्री समुद्राच्या बांधावरून फिरे. त्याची उत्तम चित्रे १९०७-०८ च्या आसपासची आहेत. त्यांत तैलरंग नाहीत; पातळ शाई, जलरंग, थोडे पेस्टल, आणि कागद. रिकामा बांध, अंधारात निघून जाणारी कठड्याची रेषा, ओल्या फरशीवर दिव्याची किंवा चंद्राची फिकट चकाकी. मुंकच्या किनाऱ्यावर कोणी येऊन गेल्याचा भास होतो. स्पिलियार्टच्या किनाऱ्यावर कोणी येणार नाही याची खात्री असते. ही खात्री त्याने कशी आणली? त्याने उजेड रंगविला नाही. कागद जेथे सोडून दिला तेथे उजेड आहे. काळोख त्याने कष्टाने भरला, आणि प्रकाश म्हणजे त्या कष्टातून सुटलेली जागा.

या ठिकाणी आम्ही भैरवगढास परत येतो. तेथील छिपे ठशांनी कापड छापतात हे प्रसिद्धच आहे; मेणाने केलेल्या बाटिकचे कामही तेथे मोठ्या प्रमाणावर चालते. जो भाग पांढरा राहावा असे वाटते त्यावर वितळलेले मेण लावायचे, मग कापड रंगात बुडवायचे, आणि शेवटी उकळत्या पाण्यात मेण काढून टाकायचे. मेणाला जेथे चिरा पडतात तेथे रंग शिरून बारीक जाळी उमटते. रंग आता बहुधा रासायनिक असतात, पण क्रम तोच. निळ्या कापडावर चंद्र हवा असेल तर कारागीर चंद्र काढत नाही, तो रात्र रंगवितो आणि चंद्र राखून ठेवतो. आम्ही हे पाहिले तेव्हा स्पिलियार्टचा कागद आठवला. या कारागिरांना प्रतीकवादी ठरविण्याचा आमचा हेतू मुळीच नाही. ओढण्या आणि चादरी विकल्या जाव्यात एवढीच त्यांची साधी अपेक्षा असते. सांगायचे ते एवढेच की, तैलरंगात पांढरा रंग लावून केलेला चंद्र आणि न रंगविता राखलेला चंद्र, या दोहोंची जात वेगळी आहे. पहिला काहीतरी सांगण्यासाठी आलेला असतो. दुसरा सांगण्यापासून वाचलेला असतो. रविवर्म्याचा चंद्र पहिल्या जातीचा.

येथे कोणी म्हणेल की, तुम्ही भारतीय चांदण्यास निव्वळ शृंगाराच्या दावणीला बांधले. भैरवगढातच ते तसे नाही. कालभैरवास मद्याचा नैवेद्य दाखविला जातो. सिद्धवटावर पितरांची कर्मे होतात. उज्जयिनीचा देव भस्म लावतो आणि मस्तकावर चंद्र धारण करतो. चंद्र आणि स्मशान यांचा असा सहवास ज्या संस्कृतीने रोज पाहिला तिला चांदण्यातील भय मुंककडून शिकावे लागले असेल हे संभवत नाही. आक्षेप बिनतोड आहे. आमचे म्हणणे इतकेच की, हा सहवास आपल्या मूर्तींत आणि पुराणांत राहिला, चित्रकारांनी त्याचा उपयोग केला नाही. कालभैरवाच्या देवळाच्या भिंतींवर एके काळी माळव्याच्या शैलीतील चित्रे होती. आता त्यांच्या खुणा तेवढ्या दिसतात. त्यांत रात्र कशी होती हे पाहण्याचे भाग्य आमच्या पिढीस लाभले नाही.

मात्र एका कवीने तो उपयोग केला, आणि तो मराठी घरातला होता. गजानन माधव मुक्तिबोध (१९१७–१९६४) यांच्या तारुण्याची काही वर्षे उज्जयिनीत गेली, तेथे त्यांनी अध्यापनही केले. धाकटे बंधू शरच्चंद्र मराठीत लिहीत राहिले, गजानन हिंदीत गेले. १९६४ साली, त्यांच्या निधनाच्या वर्षीच, त्यांचा जो संग्रह निघाला त्याच्या नावातच चंद्राचे तोंड वाकडे आहे. त्या शीर्षककवितेतील चांदणे संचारबंदीच्या शहरावर, कारखान्यांच्या धुराड्यांवर, भिंतीवरच्या भित्तिपत्रकांवर पडते, आणि हेरासारखे डोकावते. उद्दीपन विभावाची इतकी संपूर्ण उलथापालथ आम्हांस दुसरीकडे आढळली नाही. समुद्र नाही, किनारा नाही. परंतु स्पिलियार्टच्या रिकाम्या बांधाशी या रस्त्यांचे गोत्र जुळते. मराठीत ग्रेस यांनी 'संध्याकाळच्या कविता' (१९६७) आणि 'चंद्रमाधवीचे प्रदेश' (१९७७) यांत वेगळ्या वाटेने उपमेय गिळले. त्यांच्यावर दुर्बोधतेचा जो आरोप सतत होत राहिला तो बव्हंशी गिळलेले उपमेय परत मागण्याचा हट्ट होता. कधीकधी, हेही मान्य केले पाहिजे, गिळण्याजोगे उपमेयच नव्हते. नुसती गिळण्याची क्रिया होती. प्रतीकवादाची ही नेहमीचीच व्याधी आहे आणि युरोपातील दुय्यम चित्रकारांची चांदणी रात्र तिनेच पिवळी पडली.

राहता राहिला आपल्या चित्रकारांचा प्रश्न. इंदूरच्या देवळालीकर गुरुजींच्या शाळेतून बेंद्रे यांच्यासारखे जे थोर चित्रकार निघाले त्यांची भूमी उन्हाची होती. रात्रीकडे त्यांनी क्वचितच पाहिले. मुंबईच्या चित्रकारांपुढे तर समुद्र रोज पसरलेला होता. त्यांपैकी ज्यांच्या चित्रांपुढे आम्हांस मुंकच्या १८९५ च्या किनाऱ्याची आठवण होते ते एकच, वासुदेव गायतोंडे (१९२४–२००१). गोमंतकीय कुटुंबात नागपुरास जन्मलेले, जे. जे. कलाशाळेत शिकलेले, वॉर्डन रोडवरील भुलाभाई इन्स्टिट्यूटमध्ये समुद्राजवळ बसून काम केलेले. त्यांच्या प्रौढ चित्रांत वस्तू नाही. रंगाचे थर रोलरने आणि चाकूने चढविलेले, पुन्हा काढून घेतलेले. आतून येणारा जो प्रकाश दिसतो तो पुष्कळदा काढून घेण्याने उमटलेला आहे. साठीच्या दशकातील कित्येक चित्रांत मध्याच्या आसपास एक आडवा पट्टा येतो आणि त्याच्या वरखाली रंग हळूहळू विरत जातो. या पट्ट्यास क्षितिज म्हणण्याचा मोह कोणासही होईल. गायतोंडे स्वतः आपल्या चित्रांना वस्तुनिरपेक्ष म्हणत आणि असले वाचन त्यांना मान्य नव्हते.

हा विरोध आम्ही महत्त्वाचा मानतो. ब्योक्लिनच्या चित्राला दुसऱ्याने नाव दिले आणि ते चित्र त्या नावाखाली दबले. मुंकने तरुणी काढून घेतली, किनारा ठेवला. गायतोंड्यांनी किनाराही काढून घेतला. आता गिळण्यास उपमानही उरले नाही, आणि ज्या अध्यापक स्नेह्याने 'कशाचे प्रतीक' म्हणून विचारले त्यांच्यापुढे हे चित्र ठेवले तर त्यांचा प्रश्नच उच्चारता येणार नाही. हे प्रतीकवादाचे पूर्णत्व की प्रतीकवादाचा त्याग, याविषयी आम्ही पुष्कळ दिवस विचार केला. आमचा कल असा आहे की, हा त्याग आहे, आणि या त्यागात काही गमावलेही आहे. १८९५ च्या किनाऱ्यावर दगड दगडच राहिले होते. ओले, थंड, पायाला बोचतील असे. त्या दगडांवाचून त्या स्तंभाची स्तब्धता इतकी अंगावर आली नसती. 'औदुंबर'मध्येही डोंगरापासून पाण्यापर्यंत उतरत येणारी दृष्टी वाटेत गाव पाहते, शेते पाहते, पायवाट पाहते, आणि मग झाडाशी थांबते. त्या झाडाला विरक्ती म्हटले काय किंवा मृत्यू म्हटले काय, गाव आणि शेते यांचे काय करायचे हे सांगणारा टीकाकार आम्हांस अद्याप भेटलेला नाही.

आमच्या स्नेह्यांनी नंतर वर्गात मुंकची ती दोन चित्रे शेजारी शेजारी ठेवून दाखविली, नावे न सांगता. एका विद्यार्थिनीने दुसऱ्या चित्रातील मधल्या एका खोडावर बोट ठेवले आणि "ही येथे आहे" एवढेच म्हटले. त्यांनी तिला पुढे काही विचारले नाही.